रुमालाखालचे गुण

‘समजलं का?’ हा प्रश्न मी अठ्ठावीस वर्षं रोज विचारला आणि ‘हो मॅडम’ हे उत्तर अठ्ठावीस वर्षं रोज ऐकलं. ओतूरजवळच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवत होते. नोकरीने मला दुसरं काही शिकवलं असो नसो, ‘हो मॅडम’चे प्रकार मात्र मला झोपेतही ओळखता येतात. एक ‘हो मॅडम’ म्हणजे ‘आता पुढे चला’. एक म्हणजे ‘माझ्याकडे बघू नका’. एक म्हणजे ‘आमची एसटी सुटेल’. आणि ज्याला खरंच समजलेलं असतं तो बहुधा काही बोलतच नाही, खिडकीबाहेर बघत बसतो. निदान माझी तशी समजूत होती. माझ्या समजुती पुष्कळ होत्या. त्यांतली एक चुकली, आणि ती मला नाही, दुसऱ्याच बाईला महागात पडली. आज तीच सांगायची आहे.

आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. लोकांना वाटतं, गुण म्हणजे विद्यापीठाचा पेपर. पण थोडे गुण आम्हा शिकवणाऱ्यांच्याही हातात असतात. त्यांना अंतर्गत गुण म्हणतात. ते कसे द्यायचे याचे नियम कागदावर असतात, पण प्रत्यक्षात सगळं शिकवणाऱ्याच्या स्वभावावर चालतं. कुणी हजेरीवर देतं, कुणी वहीच्या कव्हरवर, कुणी नमस्कार किती वाकून केला त्यावर. मी चाचणी घेऊन द्यायचे. चाचणी म्हटली की मुलं गाईड पाठ करायची, आणि गाईडमधली छपाईची चूकसुद्धा पन्नास वह्यांत जशीच्या तशी उतरायची. तीही मी तपासायची.

कोरोनानंतर मुलं वर्गात परत आली तेव्हा त्यांचं वाचणंच सुटलेलं होतं. पान उघडायचं, त्यावर पिवळा हायलायटर फिरवायचा, पान मिटायचं. मी एकाला विचारलं, “अरे, सगळंच पान पिवळं केलंस, यातलं महत्त्वाचं काय?” तो म्हणाला, “मॅडम, सगळंच महत्त्वाचं वाटतंय, म्हनून तर केलं.” त्याचं काही चुकलं नव्हतं. आमचं पुस्तक होतंच तसं, एकेक वाक्य चार ओळींचं आणि क्रियापद पुढच्या पानावर.

मग मी ठरवलं की शिकवणं थोडं कमी करायचं आणि वाचायला शिकवायचं. तासाला एकच पान. हातात पेन्सिल. जिथे अडलं तिथे खूण करायची. मग पुस्तक मिटायचं आणि शेजारच्याला सांगायचं की आपण काय वाचलं. शेवटी चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून टेबलावर ठेवायचा. प्रश्न कसाही चालेल. रोज हे केलं की त्या दिवसाचा गुण मिळाला. बरोबर-चूक काही नाही, चाचणी नाही, पाठांतर नाही.

इथवर ठीक चाललं. घोळ पुढे झाला. कुणाला किती समजलं हे मला कळायला हवं होतं, म्हणजे उद्याचं पान ठरवता आलं असतं. म्हणून मी म्हटलं, पाचपैकी किती समजलं तेवढं सांगत जा. सगळा वर्ग पाच. मी म्हटलं, चिठ्ठीवर लिहा, नाव नको. अकरा चिठ्ठ्या एकाच अक्षरात आल्या. माझा मुलगा तेव्हा अवसरीला इंजिनिअरिंगला होता. त्याने मला फोनवरचा फॉर्म करून दिला. तो फॉर्म एका मिनिटात सगळ्यांनी भरला, त्या दिवशी गैरहजर असलेल्या दोघांनीसुद्धा. तिथे मात्र मी हात टेकले.

या वर्गात रंजनाताई होती. वय पस्तिशीच्या पुढे, माहेर बेल्ह्याचं. बारावीला शिक्षण सुटलं होतं, ते लेक पाचवीत गेल्यावर तिने पुन्हा धरलं. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून ओतूरच्या एका पतसंस्थेत झाडलोट, चहापाणी, पासबुकं इकडून तिकडे नेणं. तिथला म्हातारा क्लार्क पुढच्या जूनमध्ये निवृत्त व्हायचा होता. संचालकांनी तिला शब्द दिला होता की तोवर बी.ए. झालीस तर ती खुर्ची तुझी. ती शेवटच्या वर्षाला होती, त्यासाठी तिला हेच वर्ष हवं होतं. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. बाकीच्या मुलांना मी अरे-तुरे करायचे. तिला काय म्हणावं ते मला वर्षभर ठरवता आलं नाही. ‘रंजनाताई, तू’ असं काहीतरी अर्धवट चालायचं.

मी हात टेकले त्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलाशी आली. “मॅडम, रागावू नका. पर चारचौघांत आकडा कोन सांगंल? आमच्या बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं कुनी बोलत न्हाई.”

“मग कसा सांगतात?”

“टावेलाखाली. माझं वडील दलालच हायेत. टावेल टाकायचा हातावर, आन् खाली समोरच्याची बोटं धरायची. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. बाजूला शंभर मानसं हुबी असली तरी कुनाला कळत न्हाई.”

“एवढंच?”

“एवढंच की.”

हे ‘एवढंच की’ मी पुढे कितीतरी वेळा मनात घोळवलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी डब्याबरोबरचा नॅपकिन धुऊन आणला. पान वाचून झालं, प्रश्न लिहून झाले, की एकेकाने टेबलाशी यायचं, नॅपकिनखाली हात घालायचा आणि जेवढं समजलं तेवढी माझी बोटं धरायची. पहिला मुलगा आला तो पँटीला हात पुसत आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन. दुसरा म्हणाला, “मॅडम, तुमचा हात लई गार हाय.” मुली हसून हसून बेजार. ओंकार नावाच्या एकाने माझ्या करंगळीचं फक्त टोक चिमटीत धरलं. म्हटलं, हे काय? म्हणाला, “अर्धं समजलंय.”

गुणांचं त्यांना काही केल्या पटत नव्हतं.

“मॅडम, एक बोट धरलं तरी गुन भेटनार?”

“मिळणार.”

“आन् पाच धरली तर जादा?”

“नाही. तेवढाच.”

“मग धरायचं कशाला?”

“मला कळावं म्हणून.”

“तुमाला कळून काय व्हनार, मॅडम?”

मी म्हटलं, “तू धर तर खरं.”

प्राचार्यांच्या कानावर ते गेलंच. त्यांनी बोलावून घेतलं. “मॅडम, हे कॉलेज आहे, बेल्ह्याचा बाजार नाही.” मी म्हटलं, “सर, बाजाराला कुणी गैरहजर राहत नाही.” माझं तोंड असं वेळेवर चालतं, डोकं जरा मागून येतं. प्राचार्य भले माणूस. नंतर विचारायला आले नाहीत.

महिनाभरात गंमत झाली. पंजा धरणारे कमी झाले. मुलं तीन धरू लागली, दोन धरू लागली. लपवायचं कारण उरलं नव्हतं आणि बघणारंही कुणी नव्हतं. एका पानाला जवळजवळ सगळ्या वर्गाने एकेक बोट धरलं. ते पान मी वीस वर्षं शिकवत होते आणि माझं ते आवडतं पान होतं. घरी जाऊन ते पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं, ते मलाही पाठ होतं, समजलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गाला तसं सांगून टाकलं आणि आम्ही ते पान मिळून सोडवलं. अठ्ठावीस वर्षांत मला स्वतःचा खरा अभिमान वाटला तो त्या दिवशी. म्हणून पुढचं सांगताना जीभ जड होते.

रंजनाताई रोज एक बोट धरायची. पान सोपं असो, अवघड असो, एकच बोट. धरायची आणि धरून ठेवायची, माझ्याकडे बघत. बाकीची मुलं झटकन हात काढून घ्यायची. हिचा हात मलाच सोडवून घ्यावा लागे. मला वाटायचं, बिचारीला लाज वाटते, एवढ्या मोठ्या वयात रोज एकच बोट. मी हसून हात काढून घ्यायचे आणि म्हणायचे, “असू दे, होईल हळूहळू.”

तिच्या चिठ्ठीतले प्रश्न मात्र वेगळे असायचे. मला सगळ्यात जास्त आठवतो तो पूर्ण स्पर्धेच्या पानावरचा. अर्थशास्त्रात एक आदर्श बाजार कल्पिलेला असतो, ज्यात प्रत्येकाला प्रत्येक भाव माहीत असतो. तिने लिहिलं होतं, ‘सगळ्यांना सगळं माहीत असेल तर टॉवेल कशाला लागतो?’ आज मी हा प्रश्न वर्गाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला असता. तेव्हा मी काय म्हटलं? “रंजनाताई, पुस्तकातला बाजार ही कल्पना आहे गं, आपल्या बाजाराशी तिचा संबंध लावायचा नाही.” ती ‘बरं’ म्हणाली. प्रश्न हुशारीचा होता आणि बोट एक होतं. दोन्ही माझ्यासमोर होतं, आणि मी विश्वास बोटावर ठेवला. कारण बोटाची पद्धत माझी होती ना.

मग मी तिला सोपी पानं द्यायला लागले. वर्ग पुढच्या धड्यावर आणि ती मागच्या. मी हे दयेने करत होते, हे लिहिताना आता माझं मलाच ओशाळं वाटतं. दया करणाऱ्या माणसाला आपलं चुकत असेल असं सहसा वाटत नाही.

शेवटच्या सहामाहीच्या परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली. मी तिला बाजूला घेतलं. “रंजनाताई, माझे दोन पेपर यंदा सोड. घाईने नापास होण्यापेक्षा पुढच्या वर्षी नीट दे. खुर्ची काय, पुढेही मिळेल.” ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी म्हणेल असं वाटलं. मग म्हणाली, “तुमी म्हनताय म्हंजी तसंच असंल, मॅडम.” तिने दोन पेपर सोडले. जूनमध्ये म्हातारा क्लार्क निवृत्त झाला आणि त्या खुर्चीवर त्याच वर्गातला एक मुलगा बसला. पोरगा चांगला. नॅपकिनखाली पंजा धरणाऱ्या थोड्या मुलांपैकी एक, शेवटपर्यंत.

पुढच्या हिवाळ्यात मी नव्या वर्गाला घेऊन बेल्ह्याच्या बाजारात गेले. अभ्यासक्रमात क्षेत्रभेट असते, आणि वर्षभर ज्याची नक्कल केली ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. टेम्पोतून जनावरं उतरत होती, मोटरसायकलींची गर्दी होती. रंजनाताईचे वडील तिथे भेटले. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. सत्तरीचे, खांद्यावर टॉवेल, नजर जनावराच्या खुरांवर. लेकीच्या मॅडम आल्या म्हणून त्यांनी चहा मागवला. मी मोठ्या कौतुकाने नॅपकिनची हकीकत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, “या, दावतो.”

त्यांनी माझ्या हातावर टॉवेल टाकला आणि खालून माझं एक बोट धरलं. धरलं आणि धरूनच ठेवलं, माझ्याकडे बघत. मी हसले. त्यांनी बोट सोडलं नाही. मुलं भोवती उभी होती. मला कसंतरी झालं, मी हात काढून घेतला.

“हात का काढला, मॅडम?”

“मग काय करायचं?”

“आवो, मी एक धरलं. आता तुमी धरायचं की. तुमी चार धरा, मी दोन धरंन, तुमी तीन धरा. मंग सौदा. पैलं बोट म्हंजी भाव नसतोय, मॅडम. पैलं बोट म्हंजी नुसतं, चला, बोला.”

“आणि हात काढून घेतला तर?”

“तर काय. जनावर नको म्हंजी. बोलायच्या लायकीचं न्हाई म्हंजी.”

आप्पा चहाच्या पेल्याकडे वळले. त्यांना यात काही विशेष वाटलं नाही. मी तिथेच उभी राहिले. मुलांनी काय पाहिलं, काय लिहून घेतलं, मला काही आठवत नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की त्या वर्गात रुमालाची भाषा येणारं माणूस एकच होतं. बाकीची पोरं ओतूर भागातली, कांदा पिकवणाऱ्या घरांतली. त्यांनी मी सांगितलं तसं केलं. रंजनाताईने मात्र बाजारात करतात तसं केलं. रोज एक बोट धरून ती म्हणत होती, चला, बोला. आणि मी रोज हसून हात काढून घेत होते.

पण खरंच तसं होतं का? बसमध्ये मी स्वतःशीच वाद घालत होते. तिला खरोखरच एकच बोट समजत असेल तर? मग तो प्रश्न कुठून आला? तिने कधी काही म्हटलं का नाही? ती शिकलेली बाई, एवढं साधं सांगता येऊ नये? आणि मी शिकवणारी बाई, मला एवढं साधं विचारता येऊ नये? ओतूर आलं तरी मला काही ठरवता आलं नव्हतं. मुलांना स्टँडवर सोडलं आणि सरळ पतसंस्थेत गेले.

दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. नवा क्लार्क मला बघून उठून उभा राहिला, पाया पडला. रंजनाताई ट्रेमध्ये पाणी घेऊन आली. मी तिला बाकावर शेजारी बसवलं आणि जे कळलं होतं ते सांगितलं. सांगताना माझं दोनदा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

“म्हंजी,” ती सावकाश म्हणाली, “तुमाला वाटलं मला एकच समजतंय?”

“हो.”

“आन् मला वाटलं, मी तुमाला नकोच हाय. रोज हात काढून घ्यायच्या तुमी.”

“मग दुसऱ्या दिवशी परत का धरायचीस?”

“बाजारात न्हाई धरत कुनी. पर तुमी मॅडम. म्हटलं, आज धरतील.”

मी म्हटलं, “मी पेपर सोड म्हटलं तेव्हा तरी बोलायचंस. भांडायचंस माझ्याशी.”

“हात सोडला त्यानंच परत धरायचा असतो, मॅडम. आपन पुढं करून चालत न्हाई.” तिने हे तक्रारीने म्हटलं नाही. रीत सांगावी तसं सांगितलं. “आन् आता बोलून काय. खुर्चीवर मानूस बसलंय.”

ते माणूस काचेपलीकडे रजिस्टर लिहीत होतं. वय फार तर बावीस-तेवीस. रंजनाताईने त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझे दोन्ही पेपर दिले आणि पहिल्या वर्गात पास झाली. ते मला पुढे कळलं. त्या दुपारी मला काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी काय फरक पडला असता ते मला आजही सांगता येत नाही. मला फक्त एवढं कळलं की काहीतरी करायला हवं. मी हात पुढे केला. रुमाल नव्हता, नॅपकिन नव्हता, बाकावर उघडाच हात.

तिने तो थोडा वेळ पाहिला. मग पदराला हात पुसला आणि माझी पाचही बोटं धरली.

“एवढं समजत व्हतं, मॅडम,” ती म्हणाली. “पैल्या दिसापासून.”

काचेपलीकडून क्लार्कने चहासाठी हाक मारली. रंजनाताईने माझा हात सोडला, ट्रे उचलला आणि आत गेली.